नत्थूजी छपरावर राहिले तो दिवस

मित्रांनो, सौंसरला नत्थूजींच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली बांबूची जुनी शिडी ती मीच. आमच्याकडे मला निसणी म्हणतात. रामाकोन्याच्या एका सुताराने मला बनवले तेव्हा माझे बांबू हिरवे होते. नत्थूजींनी मला बैलगाडीत घालून आणले. संत्र्याच्या तोडणीत तेव्हा माझा फार मान होता. माणसे माझ्यावर चढून उंच फांद्यांवरची फळे काढत आणि निसणी पक्की आहे म्हणत. तेवढे ऐकले की मला दिवसभर बरे वाटे.

पुढे नत्थूजींनी घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. तिथे सरकारी कचेरीतले कारकून विनायकराव आणि त्यांची बायको उर्मिलाबाई राहायला आले. खोल्या चांगल्या होत्या. फक्त पावसाळ्यात कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर चुलीच्या बरोबर वर गळे. कवेलू सरकले आहेत, खिडकीची कडी निखळली आहे, भिंतींना चुना द्या, असे उर्मिलाबाई दर वर्षी सांगत. नत्थूजी मान डोलावून उद्याच करतो म्हणत आणि बाजेवर आडवे होत. मी गोठ्यात उभीच. माझे बांबू वाळून पिवळे पडले, कोंबड्या माझ्या पायऱ्यांवर झोपू लागल्या, आणि उर्मिलाबाई चुलीशेजारी पितळी गंज, म्हणजे पातेले, मांडून गळणारे पाणी धरत राहिल्या.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आमचे सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. कोणता कारकून कोणत्या राज्याचा, हे रोज बदलू लागले. विनायकरावांच्या वाट्याला नागपूर आले. सामान बांधून दोघे बसने निघून गेले. त्यांना निरोप देताना नत्थूजींच्या बायकोने, देवकाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

खोल्या रिकाम्या झाल्या आणि नत्थूजी एकदम जागे झाले. छिंदवाड्याहून बदलून येणारे श्रीधर मास्तर नवे भाडेकरू ठरले होते. मास्तर माणसापुढे शोभले पाहिजे म्हणत त्यांनी मला झटकून बाहेर काढले. कोंबड्या बेघर झाल्या. भिंतींना निळसर चुना लागला, खिडकीला नवी कडी बसली. शेवटी कवेलू नीट करायला नत्थूजी स्वतः छपरावर चढले. त्यांचे पोट बघून मी मनातून घाबरले. करकरले, पण त्यांना वर पोचवले.

नेमकी तेव्हाच बसस्टँडकडून एक बैलगाडी आली. गाडीत विनायकराव, उर्मिलाबाई आणि तेच सामान. वरून नवा हुकूम निघाला होता, की विनायकराव मध्य प्रदेशाचेच. जुन्या खोल्या आपल्याच, असे धरून दोघे परत आले होते.

उर्मिलाबाई आत गेल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. कडी लावून पाहिली, काढून पाहिली. वर बघितले तर कवेलूंच्या फटीतून नत्थूजींचा पाय दिसला. त्या बाहेर आल्या आणि मला उचलून दूर अंगणात आडवे ठेवले.

"बाई, निसणी लावा," नत्थूजी वरून म्हणाले. "मी काय पाखरू हावो का?"

"इतके पावसाळे मी खाली गंज मांडून बसली," उर्मिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही एकदा वर चढले नाही. माणूस राहून राहिलं तेव्हा घर गळकं, अन् माणूस गेलं की घर नवं. असं का, ते सांगा. मग लावते."

नत्थूजी हातातले कवेलू उगीच पुसत बसले. विनायकराव गाडीवरच्या सामानाच्या गाठी तपासू लागले. तेवढ्यात श्रीधर मास्तर आणि त्यांची बायको रजनीबाई येऊन पोचले. मास्तरांनी घरमालक कुठे आहेत विचारले. सगळ्यांनी वर पाहिले. नत्थूजींनी वरूनच नमस्कार केला.

आता खोल्या कुणाच्या? मास्तरांना शब्द दिलेला होता. बदल्यांच्या त्या धांदलीत विनायकरावांना गावात दुसरी जागा मिळणे कठीण होते. रजनीबाईंना सातवा महिना होता, उन्हातून चालत येऊन त्या धापा टाकत होत्या. उर्मिलाबाईंनी आधी त्यांना पाणी दिले. मग त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, की खोल्या हिलाच द्या, आम्ही धर्मशाळेत बघतो.

हे ऐकून ओट्यावर बसलेल्या देवकाबाई उठल्या. विनायकराव आणि उर्मिलाबाई आपल्याच घरात, पुढच्या बैठकीत राहतील, असे त्यांनी सांगून टाकले. त्याच बैठकीत नत्थूजींची बाज होती.

"अन् मी कुठं झोपू?" नत्थूजींनी विचारले.

"तुमी हाये तिथंच झोपा," देवकाबाई म्हणाल्या. "वारं चांगलं हाये."

उर्मिलाबाईंना हसू आले. हसता हसताच त्यांनी डोळे पुसले आणि मला उचलून पुन्हा छपराला लावले. नत्थूजी उतरले ते बाजेकडे गेलेच नाहीत. चुन्याची बादली घेऊन बैठकीत शिरले आणि भिंतीला कोणता रंग द्यायचा ते त्यांनी उर्मिलाबाईंना विचारले. उत्तर मिळेपर्यंत कुंचला हातात धरून उभे राहिले.

मित्रांनो, घरात माणूस राहत असतो तेव्हाच घराची डागडुजी करा. तो गेल्यावर दिलेला चुना त्याच्या काय कामाचा? माझ्यासारख्या शिडीलाही गोठ्यात विसरू नका. आणि छपरावर चढण्याआधी, खाली उभ्या असलेल्या माणसाचे आपल्याशी बरे आहे ना, एवढे जरूर पाहून घ्या.