दुसऱ्याच्या नावाचा रोजा

"खिचडीच खाल्ली गो, दुसरा काय नाय," बाईजा म्हणाली. "साबुदाण्याची. आनि दोन येळा चाय. उपासाला चालतं ना तेवढा?"

जैतुनबीच्या हातात एका गिऱ्हाइकाचा हात होता आणि बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली होती. तिने वर न बघता विचारलं, "कसला उपास? आज काय हाय?"

"आज काय नाय. तुझा रोजा. रमजान लागला तेवापासून धरतंय मी, तुझ्या नावानं."

बांगडी कडकन गेली. "वाढवली गो बाय," जैतुनबी गिऱ्हाइकाला म्हणाली. जन्म मणियारणीचा, त्यामुळे हिंदू बायकांसमोर बांगडी 'फुटली' असं तिच्या तोंडून कधी निघायचं नाही.

शहापूरच्या बाजारात जैतुनबीचं दुकान म्हणजे एक फळकुट, एक पडदा आणि छतापासून लोंबणाऱ्या बांगड्यांच्या माळा. त्याच्याच पायरीशी सापगावची बाईजा भाजीची टोपली घेऊन बसायची. भेंडी, वालाच्या शेंगा, शेताच्या बांधावर जे काही येईल ते. दोघी तिथेच म्हाताऱ्या झाल्या. एकीचा डोळा लागला तर दुसरीने तिचं गिऱ्हाईक सांभाळायचं, असा त्यांचा सारा कारभार.

गेल्या रमजानात जैतुनबी रोजा असताना दुकानातच कोसळली. साखर बेसुमार वरखाली होत होती. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि रोज्याचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. परकरातली पोर असल्यापासून तिने कधी रोजा चुकवला नव्हता. यंदा मात्र वेळेवर सुई टोचायची आणि वेळेवर जेवायचं. भर रमजानात ती पडद्यामागे जाऊन, चोरासारखी भाकर खायची. हे एकदा ती बाईजाजवळ बोलून गेली होती. बोलताना रडलीही होती.

बाईजाने त्यावर तोडगा काढला तो हा असा.

बाईजाच्या हिशेबाने त्यात काहीच वावगं नव्हतं. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिने सोमवार धरले होते. ती सुटली नाही, नवराच सुटला, ही गोष्ट वेगळी. पोराला, हरेशला, कंपनीत नोकरी लागावी म्हणून मंगळवार धरले, ती लागली. पोट एकाचं, पुण्य दुसऱ्याचं, हे तिच्या घरात आज्जीपासून चालत आलेलं. मग मैत्रिणीला झेपत नसेल तर आपण धरायचा, त्यात विचारायचं काय?

गिऱ्हाईक गेल्यावर जैतुनबीने विचारलं, "रोजात पानी पन नाय चालत, ठाव हाय का तुला?"

बाईजा हसली. मग तिचा चेहरा बघून हसायची थांबली. "पानी पन नाय?"

"पहाटेपासून दिस बुडता मगरिबची अजान होईस्तोवर. काय नाय."

"आनि मी खिचडी खात बसलेय. एकादशी नि दुप्पट खाशी." बाईजाने कपाळावर हात मारून घेतला. "आधी सांगायचा ना गो. एवढे दिस फुकट घालवलेस माझे."

"मी सांगू? मला काय सपान पडलेला तू धरलायस म्हनून?"

आता ही सोडून देईल, असं जैतुनबीला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईजा आली ती सुकलेल्या ओठांनी. पहाटे उठून भाकर खाल्ली होती, त्यानंतर थेंब नाही. ऊन चढलं. मार्च महिन्यातलं शहापूरचं ऊन, त्यात डांबरी रस्त्याची धग. बाईजा भेंडीवर पाणी शिंपडायची आणि ओला हात पदराला पुसायची. बघून जैतुनबीचा जीव वरखाली होत होता. तिने दोनदा तांब्या पुढे केला. दोनदा बाईजाने तो मागे सरकवला.

जैतुनबीला काही सुधरेना. हिला थांबवायचं तर कुठल्या तोंडाने? आणि न थांबवावं तर ही इथेच आडवी होईल, मग हरेशला काय सांगायचं? त्याहून वाईट म्हणजे मनात कुठेतरी एक हावरा विचार होता. खरंच पोचत असेल तर? आपल्या नावावर लागत असेल तर? या विचाराची तिला लाज वाटली, पण तो जात नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दुपारच्या नमाजानंतर मौलवीसाहेब दुकानावरून चालले होते. बाईजा तेव्हा नळावर तोंड धुवायला गेली होती. जैतुनबीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना थांबवलं. नाव न घेता तिने विचारलं, एकाचा रोजा दुसऱ्याने ठेवला तर?

मौलवीसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, रोजा हा माणूस आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. कोणी बघत नसताना माणूस पाण्याला हात लावत नाही, ते फक्त त्यालाच ठाऊक. जिवंत माणसाचा रोजा दुसऱ्याला कसा ठेवता येईल? तुम्ही आजारी आहात, तुम्हाला माफी आहे. एकेका रोज्याबद्दल एका गरजू माणसाला जेवू घाला, फिदया म्हणतात त्याला. आणि रोजा नुसत्या पोटाचा नसतो, चाचीजान. डोळ्यांचा असतो, कानांचा असतो, जिभेचा असतो. तो तर तुम्हाला अजूनही ठेवता येईल.

फिदयाचं जैतुनबीला माहीत होतं. मुलगा म्हणालाच होता, तांदूळ मी मशिदीत देऊन येतो, तू डोकं लावू नकोस. पण मुलाने दिलेले तांदूळ म्हणजे आपला रोजा आपल्याला न सांगता दाराबाहेर गेल्यासारखं तिला वाटलं होतं. आपल्या हाताने कुणाला तरी वाढायचं होतं. गरजू माणूस कोण, म्हणून तिने विचार केला, आणि डोळ्यांसमोर आली ती बाईजाच. घरात तिला विचारणारं कोणी नाही. हरेश पगार झाला तरी आईच्या हातावर काही टेकवत नाही. संध्याकाळी उरलेली भाजी हेच तिचं कालवण. म्हणजे जिला जेवू घालायचं तीच आपल्यासाठी उपाशी बसलेली. आणि बाईजाला घातलेलं फिदयात चालतं का, हे विचारायचं राहिलंच. मौलवीसाहेब तोवर वळणापलीकडे गेले होते.

संध्याकाळी तिने सुनेकडून ताट मागवलं. तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, कलिंगडाच्या फोडी. अजान झाली. जैतुनबीने बाईजाच्या हातावर खजूर ठेवला. बाईजाने तो चघळला, मग तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ पीत राहिली.

"आज पानी गोड लागला गो," ती म्हणाली. "एवढा गोड कदी लागला नव्हता." मग ताट पुढे ओढत तिने विचारलं, "आजचा तरी पोचला ना तुझ्या नावावर?"

हो म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं. पण दुपारपासून जैतुनबीने मनाशी जिभेचा रोजा धरला होता. खोटं बोललं की तोही मोडणार.

"नाय पोचत," ती म्हणाली. "जित्या मानसाचा दुसऱ्याला नाय धरता येत. मी मौलवीसाहेबांना विचारला."

बाईजाचा हात ताटावर थांबला. तिचं तोंड उतरलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून जैतुनबी घाईघाईने म्हणाली, "पन हा ताट पोचतो गो. गरिबाला पोटभर वाढला का माझा रोजा माफ होतो. तू जेव. तू जेवलीस का झाला माझा."

"कोन गरीब?" बाईजाने विचारलं.

जैतुनबीने ताट तिच्याकडे आणखी सरकवलं.

"मी तुझ्यासाठी धरला," बाईजा सावकाश म्हणाली. "तू मला भिकारनीला वाढतात तसा वाढतंस?" तिने ताट अलगद मागे सरकवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि सापगावच्या टमटमकडे निघून गेली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जैतुनबी ताटाकडे बघत बसली. रोजा गेला होताच, आता फिदयाही गेला, मैत्रीणही गेली. आणि हे सगळं खरं बोलल्यामुळे. यातलं अल्लाहला काय पसंत पडलं असेल, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामीच होती. ऊन बरंच वर आल्यावर बाईजा आली. तिने टोपली मांडली, भेंडीवर पाणी शिंपडलं आणि रस्त्याकडे बघत बसली. ओठ कालच्यासारखेच सुकलेले.

दुपारी जैतुनबीने सुई टोचून घेतली आणि डबा काढला. बाईजाने मात्र खायला काही काढलं नाही. शेवटी जैतुनबीलाच राहवेना.

"बाईजा, भाकर खा गो. मी सांगितला ना, माझ्या नावावर नाय लागत."

"तुझ्या नावानं नाय धरला."

"मंग कोनाच्या?"

बाईजाने ओला हात पदराला पुसला. "रातीला राग आला व्हता तुझा, झोप नाय लागली. पहाटे उठली नि धरला. आतापरत जेवढे धरले ते नवऱ्याच्या नावानं, पोराच्या नावानं, तुझ्या नावानं. माझ्या नावानं एक पन नव्हता."

"पन कशाला?"

"काय मागायचा नाय त्यात. नुसता ऱ्हायचा. ठाव नाय गो मला. तुझ्यात असा चालतं का?"

चालतं का, हे जैतुनबीलाही ठाऊक नव्हतं. तिला बाईजाचा हेवा वाटला, इतका की तिने मान दुसरीकडे वळवली. जन्मभर जे आपल्याकडे होतं ते आज पायरीवर बसलेल्या या बाईकडे होतं, आणि आपल्या मांडीवर होता जेवणाचा डबा. ती तो घेऊन पडद्याकडे निघाली.

"तिकडं अंधारात कुठं जातंस?" बाईजा म्हणाली. "हितंच बस. सुई टोचलंस ना? मंग जेव."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन हिरव्या बांगड्यांची माळ चाचपू लागलं.

"ती जेवते हाय," बाईजाने तिला सांगितलं. "थांब जराशी."

बाई थांबली. बाईजाने टोपली एका अंगाला सारली आणि जैतुनबीच्या समोर, रस्त्याकडे तोंड करून ऐसपैस बसली. तिच्या पाठीआड जैतुनबीने डबा उघडला. बिस्मिल्ला म्हणून भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश, सगळी भाकर खाल्ली.