सत्तावीस नंबरचा ट्रे कुणाचा?

मी सत्तावीस नंबरचा बिल्ला. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यातून गौसभाईंनी मला कातरलं, खिळ्यानं अंक ठोकला आणि हुबेहूब माझ्यासारखा एक जोडीदार केला.

शाहूपुरीतल्या त्यांच्या बेकरीत दिवाळीआधी बायका घरचा रवा, तूप, साखर घेऊन यायच्या आणि तिथंच बसून नानकटाई थापायच्या. बेकरीची फक्त भट्टी. मी ट्रेला लटकायचो, जोडीदार बाईच्या कनवटीला जायचा. भाजून झाल्यावर आमची जोडी जुळली, तरच ट्रे हातात पडायचा.

गौसभाई गेले आणि गल्ल्यावर त्यांची बायको लालबी बसली. नवऱ्याच्या वहीची जुनी पानं बघून ती हिशोब लिहायला शिकली होती. त्यामुळं भाजणावळीचे पैसेही ती त्याच्यासारखेच ‘नानकटाई’ या नावाखाली मांडायची. घरच्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. बाहेरच्याला कसा असणार?

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत ऐन गर्दीत विक्रीकराचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी वही चाळली.

“बाई, बिस्किटांवर कर भरलाय. मग एवढी नानकटाई विकली, तिच्यावर का नाही?”

“ती इकलेली न्हाय, साहेब. लोकांचा माल. आमची नुसती मजुरी.”

“वहीत तसं कुठं लिहिलंय? तीन वर्षांचा कर बसेल, वर दंड. नाही भरलात तर जप्ती.”

लालबीनं भट्टीकडं बघितलं. जप्त करण्यासारखं तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

“हे बिल्ले बघा की,” ती म्हणाली.

“बिल्ले तुम्हीच केलेले. उद्या कुणाच्याही हातात द्याल.”

मला पहिल्यांदाच आपण नुसता पत्रा असल्यासारखं वाटलं.

ते खुर्ची ओढून बसले. एकेक बाई आली, ट्रे घेऊन गेली. ते फक्त बघत होते. शेवटी मी लटकलो होतो तो एकच ट्रे उरला.

“याला मालक नाही वाटतं,” म्हणत त्यांनी त्यावर वर्तमानपत्र पांघरलं आणि लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात कसबा बावड्याच्या सीताबाई धापा टाकत आल्या. “भाभी, बिल्ला कुठं पडला कुणास ठाव! सगळी वाट धुंडाळली.”

लालबीचा चेहराच उतरला. इन्स्पेक्टर हसले. “बघा. बिल्लाही नाही. हा ट्रे तुमचा कसा म्हणायचा?”

“कोण हो पावणं तुमी? माझ्याच तुपाचं मलाच इकत घ्यायचं व्हय?”

“तुमचा असेल तर न बघता खूण सांगा.”

“खूण कसली? येका कडंच्या चार खाऊन बघा. त्येंच्यात वेलदोडा न्हाय. मामंजींना वासानंच मळमळतं. बाकी समद्या वेलदोड्याच्या.”

भट्टीत लाकूड तडकलं. इन्स्पेक्टरांनी कागद उचलून मधली एक नानकटाई मोडली, चाखली. मग कडेची. सावकाश चावली. लालबीनं पदर मुठीत आवळला होता.

त्यांनी वही पुढं ओढली, ‘नानकटाई’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं : मजुरी. “विकायला कुणी असलं करत नाही,” ते पुटपुटले. “पण बाई, उद्यापासून दोन खाती वेगळी ठेवा. पुढच्या वेळी सगळ्या सारख्या चवीच्या निघतील.”

“दोन निम्म्या उरल्यात. त्यापण खावा आता,” सीताबाई म्हणाल्या. “मामंजींना उरलेल्या तीन पुरतील.”

लालबी हसली. मग भट्टीकडं तोंड फिरवून बराच वेळ डोळे पुसत राहिली.

आता बायका नानकटाईचे पुडे विकत नेतात. भट्टी चालू आहे. माझ्यासारखे बिल्ले मात्र भंगारात गेले. मला लालबीनं गल्ल्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय. जोडी नाही, म्हणून कुठल्या ट्रेला जाता येत नाही.

बावड्याच्या वाटेवर कधी पायाला सत्तावीस अंकाचा गंजका पत्रा लागला, तर लाथाडू नका. शाहूपुरीत आणून द्या. त्या दिवशी हरवून त्यानं काय केलं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.