मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या

मी एक जुनी फवाऱ्याची बाटली आहे. कोट शिवणाऱ्या एका मास्तरांच्या दुकानात, इस्त्रीशेजारी माझी जागा. "हिच्यासारखा बारीक फवारा कुणाचा नाही," असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा मी फुगून जायचे. पुढे वाफेची इस्त्री आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. मास्तरांची मुलगी तेवढी रोज सकाळी माझ्यात ताजं पाणी भरायची. तिचा वाफेवर भरवसा नव्हता.

मग मास्तरांना घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनने ते बरे झाले, पण तोंडातली लाळ आटली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तहान लागायची वाट बघू नका. थोड्या थोड्या वेळाने घोट घ्या, जेवण ओलसर ठेवा, दात जपा." घरी मास्तर सगळं ऐकायचे. दुकानात मात्र ताठा! सारखं पाणी पिताना पाहिलं तर लोक आजारी समजतील, काम दुसरीकडे नेतील, ही भीती त्यांना खात होती.

मित्रांनो, त्या दुपारी एक वकीलसाहेब अर्धा शिवलेला कोट घालून आरशासमोर उभे होते. जुन्या सवयीने मास्तरांनी चार टाचण्या ओठांत धरल्या. वकील बोलत राहिले, मास्तर मान डोलवत राहिले. ओठ सुकले आणि टाचण्यांना चिकटले. मास्तरांनी एक ओढली, तर सालपट निघून रक्त आलं. तेवढ्यात घशात ढास उठली. आता खोकला आला आणि श्वास आत ओढला गेला, तर टाचणी थेट घशात! माझ्या तर जिवाचं पाणी पाणी झालं. वकीलसाहेब मात्र बाही किती लांब हवी ते सांगण्यात गुंग.

मुलीने मशीन सोडलं आणि मला उचललं.

"बाबा, हलू नका. नाकाने श्वास घ्या."

तिने दांडी दाबली. माझी नळी जुनी, नुसती हवा सुटली. तिने मला हलवून पुन्हा दाबलं आणि फवारा ओठांवर पडला. ओठ भिजले तशी तिने एकेक टाचणी काढली. शेवटची निघाली आणि मास्तर खोकत खोकत खाली बसले.

"गिऱ्हाइकासमोर नको, म्हणून..." त्यांची जीभ टाळूला चिकटली.

"म्हणून टाचण्या गिळणार होतात?" मुलगी रडत रडत ओरडली.

वकील मागे वळले. "मास्तर, आधी पाणी प्या. कोटाची घाई नाही."

मास्तर सगळ्यांदेखत पाणी प्यायले.

टाचण्या आता मनगटावर बांधलेल्या छोट्या गादीत खोचलेल्या असतात आणि पाण्याची बाटली समोर, उघड्यावर. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोरड्या तोंडाचं माणूस बोलता बोलता थांबलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला घोट घेऊ द्या. पुढचं त्यालाच सांगायचं असतं.