तळटीप सत्तावीस

इनोकुमासरांची चूक सापडली तेव्हा आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. क्योतोच्या विद्यापीठात अकरा वर्षं मी त्यांची सहायक. त्यांचे लेख तपासायचे, दाखले शोधायचे. ज्या जुन्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितावर सरांचं सगळं नाव उभं आहे, ते त्यांनी सांगितलं त्याहून शंभर वर्षं अलीकडचं निघालं. आता करा काय, कपाळ!

त्यात कानाझावाच्या कॉलेजात जागा निघालेली. तिथे माझी आई एकटी राहते, गुडघ्यांनी बेजार. सरांचं शिफारसपत्र गेलं की जागा माझी. "ये ना गं आता," आई फोनवर म्हणायची, "त्या म्हाताऱ्याची उस्तवार किती वर्षं करशील?"

सरांच्या निवृत्तीनिमित्त आम्ही शिष्य गौरवग्रंथ काढत होतो. प्रत्येकाने लेख द्यायचाच. खोटं लिहवेना आणि खरं बोलवेना. मग आमच्या संशोधकांत करतात तेच मी केलं. लेखभर सरांचे आभार मानले आणि चूक तळटिपेत घातली, बारीक अक्षरात, सत्तावीस नंबरला. गुरूने अशी टीप न पाहिल्यासारखं करायचं असतं.

छापण्याआधीच सरांनी बोलावलं.

"अगं कुझुमी, मी लेख नेहमी टिपांपासून वाचतो. अकरा वर्षांत एवढंही कळलं नाही तुला?"

"चुकले, सर."

"चुकलो तर मी!" ते खो खो हसले. "चाळीस वर्षं! एकालाही कळलं नाही, गाढवं सगळी. तू पकडलंस."

मला रडूच फुटलं. केवढा मोठा माणूस, आणि मी काय काय समजून बसले होते!

"माझे समग्र लेख सहा खंडांत निघतायत," सर म्हणाले. "आता सगळे नव्याने तपासायला हवेत. दहा वर्षं तरी जातील. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

"पण सर, कानाझावा..."

"त्यांना सकाळीच कळवलं, हिला सोडणं मला परवडायचं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझ्या मागून आलेल्या त्या होत्ताचं नाव सुचवलंय. त्याला काही येत नाही, त्याला जाऊ दे."

सर रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. मी कमरेतून वाकले आणि म्हणाले, "आभारी आहे, सर."

आईने फोन उचलताच विचारलं, "दिलं का गं पत्र?"

"खूप कौतुक केलं माझं," मी म्हटलं, आणि घाईघाईने तिच्या गुडघ्यांचं विचारलं.