हनुवटीवरचा कॅमेरा

अट हर्षदनं घातली. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

“एक रविवार हेल्मेटला कॅमेरा लावून गाडी चालवा, अण्णा. रेकॉर्डिंग आपण सगळे बसून बघू. एक जरी चूक दिसली तर मोटरसायकलची किल्ली माझ्याकडे. नंतर वाद नको.”

वाद मी कधी घातला होता हे मला आठवेना. हर्षद माझा मुलगा, हायटेक सिटीत मॅनेजर. त्याचं वाक्य संपलं की संपलेलं कळतं. मी बोलायला लागलो की मध्येच कुणीतरी वरण मागतं.

झालं होतं असं. हैदराबादच्या आमच्या मराठी ग्रंथालयात येणारी माणसं म्हातारी होत गेली, मग येईनाशी झाली. त्यांची पोरं मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की पाटी वाचल्यासारखी एकेक अक्षर लावतात. तेव्हा दर रविवारी मी मोटरसायकलला दोन पिशव्या अडकवतो आणि काचीगुड्यातून निघून हिमायतनगर, अंबरपेठ, दिलसुखनगर अशी घरोघर पुस्तकं बदलून देतो. मागच्या महिन्यात अंबरपेठेत सहा नंबरच्या चौकात एका ऑटोचा धक्का लागला आणि मी पडलो. लागलं काही नाही. पुस्तकं मात्र रस्ताभर झाली. ऑटोवाला “बुढ्ढा अंधा है” म्हणून ओरडला, चार लोकांनी माना डोलावल्या, आणि त्यातल्या एकानं माझ्याच फोनवरून हर्षदला बोलावून घेतलं.

चूक माझी होती की त्याची? प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही. मी ‘माझी नव्हती’ असं म्हणालो असतो, पण म्हणताना माझा आवाज कसा लागला असता तेही मला माहीत आहे.

“मान्य आहे ना, अण्णा?” सुनेनं, मेधानं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती. काळजीला उत्तर देणं मला रागाला उत्तर देण्यापेक्षा अवघड जातं.

“बरं,” मी म्हणालो. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, “पण कॅमेरा मी निवडणार.”

नात मानसीनं ताटातून मान वर केली. “ओहो! आजोबा, एकदम?”

एकदमच. आमच्या तरुणपणी निवडायची सवय कुणाला होती? स्कूटरसाठी नाव नोंदवायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि नंबर लागला की मिळेल त्या रंगाची घेऊन देवळात जायचं. मग नव्वदीनंतर बाजार उघडला, दुकानं भरली, आणि माझ्यासारख्याची पंचाईत झाली. ही मोटरसायकल म्हणजे मी चार गाड्यांमधून स्वतः पसंत केलेली पहिली वस्तू. घरात सगळे स्कूटर घ्या म्हणत होते. म्हणून ती द्यायची नव्हती. पुस्तकांचं कारण मी लोकांना सांगतो. तेही खोटं नाही, पण दुसऱ्या नंबरचं आहे.

मी वाचायला बसलो. मला दुसरं काही येत नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांबद्दल जगभरच्या स्वारांनी इंटरनेटवर इतकं लिहून ठेवलंय की एखादं विद्यापीठ चालावं. कॅमेरा डोक्यावर लावावा, तर वाऱ्यानं मान मागे ओढली जाते. एकाचा झाडाच्या फांदीत अडकून राहिला आणि तो पुढे निघून गेला. कानाशेजारी लावला तर एका बाजूला वजन येतं. हनुवटीवर लावला तर समोरचा रस्ता, हँडल, आरसे आणि चालवणाऱ्याचे हात असं सगळं एकदम दिसतं. चित्र किती रुंद, किती ठळक, बॅटरी किती टिकते, कॅमेऱ्यावर बसवायची डबी पाण्यात चालते का, हे सगळं मी वाचलं. पान संपलं की ठरल्यासारखं वाटायचं आणि पुढचं पान उघडलं की ठरलेलं मोडायचं. आठवडाभरात मला कॅमेऱ्यांची इतकी माहिती झाली की एकही घेता येईना.

शेवटी शनिवारी हर्षदनं मला कारमध्ये घातलं आणि आम्ही कोठीच्या बाजारात गेलो. एका गल्लीतलं वाजिदभाईंचं दुकान त्याला ऑफिसातल्या बुलेटवाल्या पोरांनी सांगितलं होतं. ती पोरं सुट्टी पडली की श्रीशैलमच्या घाटात जाऊन स्वतःचंच शूटिंग करतात.

वाजिदभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी हर्षदकडे बघून विचारलं, “क्या होना, साब? लद्दाख जारे?”

“मेरे वास्ते नहीं. इनके वास्ते.”

वाजिदभाईंनी मला खालून वरपर्यंत बघितलं. “माशाल्ला. चच्चा कहाँ जारे?”

“अंबरपेठ,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं. “अंबरपेठ लद्दाख से मुश्किल है,” एवढंच म्हणाले, आणि काचेवर तीन कॅमेरे ठेवले. एक अमेरिकन, एक जपानी, एक चिनी. सगळ्यात मोठा आगपेटीएवढा.

हर्षदनं अमेरिकन उचलला. “हा वर लावू, अण्णा. हेल्मेटच्या टाळूवर. रस्ता चांगला येतो.”

“ऊपर लगाए तो रस्ता दिखता,” वाजिदभाई म्हणाले, “चलानेवाला नै दिखता. और लोगां सिग्नल पे हसते, सर पे टोंटी निकली सो समझ के. ठुड्डी पे लगाओ, चच्चा. हाथां, मीटर, शीशा, सब आता.” त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं.

“नको, वरच ठीक आहे,” हर्षद पटकन मराठीत म्हणाला. मग माझ्या जवळ सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “हात कशाला दाखवायचे, अण्णा?”

माझे हात थरथरतात. दीड-दोन वर्षं झाली. बशीत कप वाजतो. डॉक्टर म्हणाले, हा काही रोग नाही, काही हात म्हातारपणी असे होतात. घरी त्याबद्दल कुणी बोलत नाही. मेधा माझ्यापुढे चहा अर्धा कप भरूनच ठेवते, आणि हर्षद माझ्या हातांकडे बघायचं टाळतो. त्या दुकानात त्यानं ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं. अट घालणाराच मला वाचवायला बघत होता. त्याबद्दल मला त्याचे उपकार वाटायला हवे होते.

मला राग आला. इतका की मला वाटलं आता काही बोललो तर रडूच येईल. म्हणून मी फक्त वाजिदभाईंना म्हणालो, “ठुड्डी.”

“अण्णा—”

“ठुड्डीवाला. हात दिसले पाहिजेत.”

“हौ चच्चा,” वाजिदभाई म्हणाले. “डब्बा बंद होना या खुला? बंद में पानी नै जाता.”

हे मी वाचलेलं होतं. हैदराबादच्या एप्रिलमध्ये बंद डबीत वाफ धरते आणि चित्र धूसर येतं. “खुला,” मी अधिकारानं सांगितलं. बॅटरीवाचून अडू नये म्हणून जपानी कॅमेरा निवडला. हर्षदनं खांदे उडवले. हेल्मेटच्या हनुवटीवर चिकट पट्टी बसवताना वाजिदभाई काहीतरी सांगत होते, “इसका माइक बहोत—” पण मी पट्टीचा कोन बघण्यात गुंतलो होतो. चित्राबद्दल मी इतकं वाचलं होतं. आवाज कशासाठी ऐकायचा?

रविवारी सकाळी निघालो. सगळं घर गॅलरीत उभं होतं, जणू मी खरंच लडाखला चाललो होतो. मानसीनं कॅमेऱ्याचं बटण दाबून दिलं. हिमायतनगरच्या दोन घरी पुस्तकं दिली, अंबरपेठेत इंदुताईंनी नेहमीप्रमाणे “मागचं फार रडकं होतं, भाऊ, आता मारामारीचं द्या” म्हणून पिशवी उपसली, मुसारामबागचा पूल ओलांडून दिलसुखनगरला हिम्मतरावांकडे ताक प्यायलो. मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणून ठेवला होता. त्यातून वाट काढत दुपारी घरी परतलो. पडलो नाही. कुणाला लागलं नाही. मला वाटलं, जमलं.

जेवणं झाल्यावर मानसीनं कॅमेरा टीव्हीला जोडला. हर्षद खुर्ची पुढे ओढून बसला, परीक्षकासारखा. मेधा सुपारी कातरत होती. मी दाराजवळच्या खुर्चीवर.

पडद्यावर पहिल्यांदा माझे हात आले. मोठे, पडदाभर. नारायणगुड्याच्या सिग्नलला थांबलो होतो आणि उजवा हात ॲक्सिलरेटरवर सरळसरळ थरथरत होता. सुपारीचा आवाज थांबला. मग सिग्नल हिरवा झाला, बोटांनी क्लच सोडला, आणि हात थांबले. गाडी चालू असेपर्यंत हात शांत होते. हे मलाही ठाऊक नव्हतं. मी माझे हात असे समोर पडद्यावर कधी बघितले होते?

हर्षद “हं” म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीतून एक माणूस बोलला. मोठ्यानं, ठणठणीत.

“अरे मियाँ! इंडिकेटर क्या शादी की लाइटिंग समझके लगाए? बाजू हटो ना, बाप का रस्ता है क्या!”

मानसी ओरडली, “हे कोण?”

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. हेल्मेट घातलं की मी बोलतो. किती वर्षांपासून, सांगता येणार नाही. आतलं कुणाला ऐकू येत नाही, वरण मागणारं कुणी नसतं. ऑटोवाल्यांशी बोलतो, खड्ड्यांशी बोलतो, वाचलेल्या पुस्तकांशी भांडतो. ते बोलणं मला श्वासासारखं झालं होतं, म्हणून ते बोलणं आहे हेच ध्यानात आलं नव्हतं. माइक माझ्या ओठांपासून चार बोटांवर होता आणि डबी उघडी होती.

“आजोबा, तुम्ही? क्या बोल रे तुम!” मानसी सोफ्यावर लोळायला लागली. मेधानं पदर तोंडाला लावला. हर्षदसुद्धा हसला. मीही हसलो असतो, पण पुढे काय आहे ते मला आठवायला लागलं होतं.

इंदुताईंचं घर आलं, गेलं. पुलाकडे वळताना हर्षदनं बोट दाखवलं. “इथं. थांबव, मानसी. अण्णा, उजवीकडे वळला आणि इंडिकेटर दिला नाही. मागून बस येत होती, आरशात बघा.”

बस होती. आरशात स्पष्ट दिसत होती. दुसऱ्यांना इंडिकेटरवरून शिव्या देणारा माणूस स्वतः तसाच वळला होता.

“चूक आहे,” मी म्हणालो.

“मग ठरल्याप्रमाणे...” हर्षद म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी बघितलं. मानसीच्या हातातलं बटण बहुधा चुकून दाबलं गेलं आणि चित्र पुन्हा चालू झालं. पूल, खाली मुसीचं काळं पाणी, माझे स्थिर हात. आणि तो आवाज, आता हळू.

“हर्षद, किल्ली मी देणार नाही. चूक निघाली तरी नाही. चुका सगळ्यांच्या निघतात. तू मागच्या दिवाळीला कार खांबावर घातलीस, तुझी किल्ली कुणी मागितली? अरे, हात थरथरतात त्याची मला लाज नाही. तू बघून न बघितल्यासारखं करतोस ना, त्याची वाटते. विचार ना एकदा. ‘अण्णा, हाताला काय होतं?’ म्हणून विचार. अर्धा कप चहा देता मला. मी काय लहान आहे? सांडला तर सांडला.”

मेधानं अडकित्ता खाली ठेवला. हर्षदनं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. पडद्यावर गाडी मुकाट्यानं खणलेल्या रस्त्यातून जात राहिली.

मी उठलो. पळून आतल्या खोलीत जावं, पुस्तक उघडावं, संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारणार नाही, हे सगळं डोक्यात तयार होतं. पाय तिकडे वळलेही होते. पण पडद्यावरचा माणूस अजून बोलत असणार, आणि त्याचं तोंड माझ्या देखत बंद केलेलं होतं.

“आवाज सोड,” मी म्हणालो.

“राहू दे, अण्णा. तुम्हाला माहीत नव्हतं की रेकॉर्ड—”

“नव्हतं माहीत. माहीत असतं तर बोललो नसतो. पण बोललोय ते खरं आहे.” माझा आवाज चिरकला. हात थरथरत होते. मी ते पाठीमागे नेले नाहीत. “इंडिकेटर चुकला. पुढच्या वेळी देईन. अट मी मोडतोय. मी ‘बरं’ म्हणालो होतो आणि आता नाही म्हणतोय. किल्ली मिळणार नाही.”

हर्षद माझ्याकडे बघत राहिला. नंतर त्याची नजर खाली माझ्या हातांवर आली आणि तिथंच थांबली. मला वाटलं तो आत्ता ती फिरवेल. त्यानं फिरवली नाही.

“दुखतं का?” त्यानं विचारलं.

“नाही. नुसतं हलतात.”

मग त्यानं रिमोट मानसीकडे दिला.

“अजून किती आहे हे?”

“दिलसुखनगरपर्यंत,” मी म्हणालो. “पुढे तुझ्याबद्दल आणखी आहे.”

“असू दे,” हर्षद म्हणाला आणि खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. “लाव, मानसी. आवाजासकट.”

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. किल्ली सदऱ्याच्या खिशात होती आणि मांडीला टोचत होती. मी ती काढून टेबलावर, माझ्या बाजूला ठेवली. कुणी तिला हात लावला नाही.