डिकीतला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. या बाल्कनीत कठड्याला बांधलेली मोठी कुंडी दिसते ना, तिच्या पोटावरून गेलेला काळा पट्टा म्हणजे मी. माझं बक्कल गंजलंय, कडांचे दोरे सुटलेत. पण कुंडी सांभाळणं हे काही माझं काम नव्हतं. माझी जागा होती अप्पांच्या गाडीच्या डिकीत. ती सुटली, याची हळहळ मला अजून वाटते.

अप्पांच्या पत्नीला, माईंना, श्वासाचा आजार होता. नाकाला नळी लावून प्राणवायूचं यंत्र सतत चालू ठेवावं लागे. यंत्राला वीज हवी, म्हणून दोन वर्षं माई उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. भाजीवाल्याशीसुद्धा खिडकीतूनच हुज्जत घालायच्या. शेवटी अप्पांनी एका वायरमनला बोलावून डिकीत यंत्रापुरती वेगळी बॅटरी बसवून घेतली.

वायरमन मोठा चिकित्सक. गाडीच्या पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत आणलेली तार जिथे पत्र्यातून जाते तिथे त्याने रबर घातलं. पुढच्या बॅटरीजवळ एक आणि डिकीतल्या बॅटरीजवळ एक, असे दोन फ्यूज बसवले. बॅटरी झाकणाच्या पेटीत ठेवली. डिकीच्या तळाला दोन कड्या बोल्टने पक्क्या केल्या आणि त्यांतून ओवून मला पेटीवर असं आवळलं, की माझाच श्वास कोंडला. मग त्याने पेटी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती तसूभरही सरकली नाही.

"अप्पा, हा पट्टा काढून गाडी चालवायची नाही," त्याने बजावलं. "बॅटरी जड आहे. तुम्ही ब्रेक माराल, पण ती थोडीच थांबणार आहे?"

"अहो, मी कशाला त्याला हात लावतोय?" अप्पा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस काय वर्णावे! माई बाजारात गेल्या आणि भाजीवाल्याशी समोरासमोर भांडून आल्या. बहिणीकडे जाऊन आल्या. कधी नुसताच फेरफटका. मी डिकीच्या अंधारात पेटी धरून यंत्राची घरघर ऐकत असे. माझं कौतुक कुणी केलं नाही. डिकीत राहणाऱ्याकडे कोण बघतो?

मग अप्पांच्या लेकीने, ताईने, नवं घर घेतलं. सामान हलवताना गादी गाडीच्या टपावर चढवली आणि दोरी पुरेना. अप्पांनी डिकी उघडली. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अप्पा, तो बॅटरीचा आहे ना?" ताई म्हणाली.

"आज तुझी आई कुठे गाडीत आहे? आणि बॅटरी काय पळून जातेय?"

मी गादी अशी धरली, की रस्त्यात ती हललीसुद्धा नाही. "काय दणकट पट्टा आहे!" शेजारी म्हणाले. खरं सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मी हुरळून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शाबासकी दिली होती. आज ते आठवलं की लाज वाटते. अप्पा निघून गेले आणि मी इथेच, ताईच्या बाल्कनीत, खिळ्याला लटकत राहिलो.

"अप्पा, पट्टा राहिला," ताईने फोन केला.

"राहू दे गं. आईला घर दाखवायला आणतो ना, तेव्हा नेईन."

त्या दिवसासाठी माईंनी बाल्कनीच्या दाराला अंदाजाने पडदे शिवले होते. ते मांडीवर घेऊन त्या निघाल्या. ताई इथे वाट बघत उभी होती आणि मीही. वाटेत एक सायकल आडवी आली. अप्पांनी जोरात ब्रेक मारला. मागे पेटी घसरली, कलंडली. तार पत्र्याच्या कडेवर चिरली आणि फ्यूज जळाला. त्यामुळे आग लागली नाही, पण माईंचं यंत्र बंद पडलं.

समोर एका शिंप्याचं दुकान होतं. त्या भल्या माणसाने इस्त्रीची पिन उपटली आणि तिथे यंत्र लावलं. स्टुलावर बसून माईंनी कसाबसा श्वास घेतला. हे सारं ताई इथे फोनवर ऐकत होती.

माई वाचल्या. पण त्यांची हिंमत खचली. वायरमनने नवी तार, नवा पट्टा बसवला. अप्पांनी परोपरीने समजावलं. माईंचं एकच, "नको हो. मी घरीच बरी."

शेवटी पडदे घेऊन अप्पा एकटेच आले. मी तेव्हा कुंडीला बांधलेला होतो. त्यांनी माझ्या बकलावर बोट ठेवलं.

"पाच मिनिटांचं काम होतं गं," ते ताईला म्हणाले.

ताईने पडदे लावले आणि फोनवर आईला दाखवले. माईंनी ते निरखून पाहिले.

"वीतभर आखूड झालेत गं," त्या म्हणाल्या. "दार एकदा डोळ्यांनी बघितलं असतं, तर माप चुकलं नसतं."

पडदे अजून तसेच आहेत. त्यांच्या खालून घरातली फरशी दिसते. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू कुणाच्या जिवासाठी बांधलेली असेल, तर ती सोडू नका. सोडावीच लागली, तर पुढच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी परत बांधा.