कोरड्यात ठेवलेली होडी

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात. बाइंडर पाण्यालाच पाण्यात पाहत आला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. त्याचा उभा जन्म ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं बांधण्यात गेला, आणि पुस्तकाचा वाळवीहून मोठा वैरी कोण, तर ओल. ओल शिरली की पानं फुगतात, शिवण सैल होते, पुठ्ठा वाकतो. तो खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायचा आणि ओली छत्री घेऊन आलेल्या वाचकाकडे चोराकडे बघावं तसं बघायचा.

अशा माणसाच्या पदरात थोरल्या भावाची होडी पडली.

दादा सुतार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोकांच्या खुर्च्या-कपाटांतून उरलेल्या वेळात, त्याने ती फळीला फळी जोडून बांधली होती. सांध्यांत कापूस ठोकलेला, वर लांबीचा लेप, त्यावर निळा रंग. चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढीच. बारा महिने ती खाडीकाठी खुंटाला बांधलेली असे. मग एका सकाळी दादाची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि तो दवाखान्यात पडला असताना बाइंडर खाडीवर जाऊन आला. होडीच्या अंगावर हिरवं शेवाळ, तळात चूळभर पाणी. त्याने ती उचलून मरीनाच्या ड्राय स्टोरेजमध्ये, होड्या कोरड्यात ठेवायच्या गोदामात, नेऊन ठेवली.

ती जागा त्याला बघताक्षणी आवडली, कारण ती ग्रंथालयासारखी होती. उंच पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडी रॅक, आणि रॅकवर एकावर एक होड्या, पुस्तकांसारख्या ओळीत. काउंटरवरच्या बाईंना आदल्या दिवशी फोन करायचा. मग लांब लोखंडी पट्ट्यांचा फोर्कलिफ्ट येतो, आपली होडी अलगद काढतो, धक्क्याच्या कडेला नेऊन पाण्यात उतरवतो. आपण फिरून यावं, की ती पुन्हा वर, धुऊन, पुसून जागेवर. अगदी पुस्तक घरी नेऊन परत करावं तसं. फक्त बाइंडरने ती कधी काढवली नाही. अधूनमधून जाऊन तो रॅकखाली उभा राहायचा, हात उंच करून तळ चाचपायचा. खडखडीत कोरडा. मग समाधानाने घरी यायचा. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटायचं.

दादाला हळूहळू शब्द परत आले. त्यांत लवकर आलेला एक म्हणजे ‘होडी?’

“छान ठेवलीय. तू काळजी करू नकोस,” बाइंडर म्हणायचा. दादाच्या डोळ्यांपुढे तेव्हा खाडी असायची, आणि बाइंडरच्या डोळ्यांपुढे रॅक. दोघंही निश्चिंत होते.

मग दादाचं हृदय थकायला लागलं. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या. वहिनींनी विचारलं, अहो, काय करावंसं वाटतं? दादा म्हणाला, “होडीतून एक चक्कर. बास.”

त्या संध्याकाळी बाइंडर दादाच्या पलंगाशी बसला आणि इतके दिवस राखून ठेवलेली बातमी त्याने सांगितली. सांगताना त्याचा आवाज थोडा चढलाही, एरवी तो कधी चढत नसे.

“दादा, ती खाडीत नाहीच. ड्राय स्टोरेजमध्ये आहे. छपराखाली. एक थेंब लागू दिला नाही तिला.”

वहिनींच्या हातातला कप बशीवर वाजला.

“कधीपासून?” दादाने विचारलं.

“तू पडलास तेव्हापासून.”

दादाने डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की वहिनी वाकून श्वास बघायला लागल्या.

“जिवंत आहे गं मी,” दादा म्हणाला. मग भावाला, “पुस्तक्या, लाकडाची आहे ती. लाकूड पाण्यात फुगतं, म्हणून सांधे बंद राहतात. कोरडं पडलं की आक्रसतं.”

बाइंडरला तळघर आठवलं. फुगणं या एका शब्दाशी तो जन्मभर भांडला होता.

“मग आता?”

“पाण्यात घाल. गळेल. गळू दे. दोनतीन दिवसांत फुगली की बंद होईल.”

“म्हणजे माझ्यासारखीच,” वहिनी म्हणाल्या. त्यांना वातावरण हलकं करायचं होतं.

“तू फुगलीस की तोंड बंद होतं. तेवढंच सुख.”

“ऐका भावजी! जीभ परत आली ती हे बोलायला.”

तिघंही हसले. पुढे बऱ्याच वेळा बाइंडरला ते हसणं आठवलं.

मरीनात मात्र काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली. गळकी होडी धक्क्याला बांधून ठेवता येत नाही. बुडाली तर येण्याजाण्याची वाट अडते. खाडीकाठचा जुना खुंट तर केव्हाच दुसऱ्या कुणाच्या होडीने धरला होता. फोर्कलिफ्टवाल्याने जेवणाच्या सुट्टीपुरती होडी पट्ट्यांवरच पाण्यात धरून ठेवायची तयारी दाखवली. “पण तासभरच हं. नंतर रांग लागते. आणि लाकडाचं मला काही कळत नाही, काका, इथे सगळ्या फायबरच्या.” होडी खाली गेली आणि एकेका सांध्यातून पाण्याची बारीक कारंजी उडाली. बाइंडर कडेला उकिडवा बसून बघत राहिला. सुट्टी संपेपर्यंत बैठकीच्या फळ्या बुडाल्या होत्या.

मग त्याने रॅकवरच गोणपाटं भिजवून आत अंथरली आणि शिडीवर चढून पाइपने पाणी मारलं. खालच्या होडीचा मालक, दातांचा डॉक्टर, रविवारी आला तो भिजलेली गादी हातात घेऊन.

“अहो, छपराखाली पाऊस पडतोय माझ्याकडे! हे कोरडं स्टोरेज आहे ना?”

“हो. चूक माझी आहे,” बाइंडर म्हणाला. डॉक्टरला भांडायचं होतं. पण त्याच्याशी भांडायला जमेना, तो गादी झटकत निघून गेला.

शेवटी बाईंनी ती होड्या धुण्याच्या जागेवर उतरवून दिली. बाइंडर रोज सकाळी येऊन गोणपाटं भिजवायचा, दुपारी उलटायचा, संध्याकाळी पुन्हा भिजवायचा. ज्या हातांनी जन्मभर पानं वाळवली, त्याच हातांनी. रोज संध्याकाळी दादाचा फोन यायचा.

“फुगली का?”

“फुगतेय.”

आणि ती खरंच फुगत होती. वरच्या फळ्यांमधला उजेड दिसेनासा झाला, मग मधल्या. त्याला स्वतःलाही आशा वाटू लागली. मग एकदा तळ पुसताना बोट अडकलं. तळाच्या मधल्या कण्याला लागून असलेली खालची फळी, एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत, उभी चिरली होती. हा सांधा नव्हता, लाकूडच फाटलं होतं. वाळून कडक झालेल्या पुस्तकाची पाठ मोडते तशी. मोडलेली पाठ ओली केल्याने जुळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“फुगली का?”

“फुगतेय, दादा.”

नवी फळी बसवू शकणारा सुतार त्याला एकच माहीत होता, आणि त्याला चमचा धरता येत नव्हता. शहरात विचारलं, तर एक जण म्हणाला, दोन महिने लागतील. दादाकडे दोन महिने नव्हते. तेव्हा बाइंडरने त्याला जे येत होतं ते केलं. चीर फडक्याने पुसली, जाड कापडाची पट्टी कापली, दुकानातून आणलेला पाण्यात टिकणारा गोंद लावला आणि पट्टी दाबून बसवली. ओल्यावर गोंद धरत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

रविवारी दादाला चाकाच्या खुर्चीतून धक्क्यावर आणलं. ऊन स्वच्छ होतं, पाणी शांत. वहिनींनी त्याचे केस ओल्या कंगव्याने बसवले होते. फोर्कलिफ्ट कडेपर्यंत आला, होडी खाली गेली, पाण्याला टेकली, आणि तरंगली. निळा रंग उन्हात चमकला. दादाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला.

“बंद झाली की रे,” तो म्हणाला.

बाइंडर आणि फोर्कलिफ्टवाला त्याला दोन्हीकडून उचलायला वाकले. तेवढ्यात होडीच्या तळातून एक पांढरी पट्टी सुटली आणि आत झिरपलेल्या पाण्यावर हळूच वर आली. मागोमाग पाणी. बैठकीपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही.

“धर, धर,” बाइंडर ओरडला. फोर्कलिफ्टवाला धावत जाऊन वर बसला आणि त्याने लोखंडी पट्ट्या किंचित वर घेतल्या. होडी तिथेच थांबली, अर्धी भरलेली.

“अशीच धरून ठेवा ना,” वहिनी म्हणाल्या. “दोन मिनिटं बसू द्या त्यांना. पाय भिजले तर भिजले.”

फोर्कलिफ्टवाल्याचा चेहरा पडला. “फोर्कवर माणूस बसवता येत नाही, मावशी. फोर्क काढले तर बुडेल. दोन्हींतून काहीच...”

“फोर्कवर बसून?” दादा म्हणाला. “मी काय बटाट्याची फोड आहे?”

कुणी हसलं नाही. दादा त्या पट्टीकडे बघत होता. ती तरंगत कडेशी आली होती. कोपरे आत दुमडलेले, कडा सरळ, कुठे धागा सुटलेला नाही.

“तू लावलीस?”

“हो.”

“कोपरे छान काढलेस,” दादा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला म्हणावं तसं तो म्हणाला, आणि बाइंडरला मान वर करता येईना.

होडी वर आली. तिच्यातून पाणी गळत राहिलं, एकाच जागेतून, सरळ धारेने. बाकीचे सांधे सगळे बंद होते.

“चला,” दादा म्हणाला. वहिनींनी खुर्ची वळवली आणि उताराने वर ढकलायला लागल्या. काउंटरवरच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी काय घडलं ते पाहिलं नव्हतं.

“पुढच्या रविवारी होडी उतरवण्याचं लावू का? गर्दी असते, आधी सांगितलेलं बरं.”

खुर्ची अजून ऐकू येईल इतक्या अंतरावर होती.

“लावा,” बाइंडर मोठ्याने म्हणाला. “सकाळचं.”

खुर्ची थांबली. दादाला मान मागे वळवता येत नसे, तो पुढेच बघत बोलला.

“नको रे, पुस्तक्या.”

वहिनी पुढे ढकलायला गेल्या, तर पुढचं चाक धक्क्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत अडकलं. बाइंडर धावत गेला, वाकून त्याने चाक उचललं, आणि मग गाडीपर्यंत तो ते तसंच किंचित उचलून धरून चालला.